मुलगा काय करतो?

पत्त्यांशी आपल्या घरांचे नाते मोठे चमत्कारिक आहे. मे महिन्याच्या सुट्टीत, आगगाडीच्या प्रवासात, लग्नघरातल्या आदल्या रात्री पत्त्यांचा जोड हवाच हवा. झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, मेंढीकोट, गुलामचोर ही नावे ज्याने ऐकली नाहीत, त्याचे बालपण मराठी घरात गेले नसावे असे खुशाल समजावे. ज्या आजीने आम्हां भावंडांना भिकार-सावकार शिकवला, ती एकादशीलाही आमच्याबरोबर पत्ते कुटायला बसत असे. हिशेब चिंचोक्यांचा. पण एकदा आमच्या एका आतेभावाने चिंचोक्यांच्या जागी चार-चार आण्यांची नाणी मांडली मात्र, आजीने पाने गोळा केली आणि तो जोड कपाटात गेला तो गणपतीपर्यंत बाहेर आला नाही. पाने तीच, माणसे तीच, डावही तोच. पण मघाशी जो खेळ होता त्याचा चार आण्यांनी जुगार झाला होता.

शास्त्रकारांनी मात्र वर्षातून एक दिवस सूट ठेवली आहे. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे आणि त्या दिवशी पार्वतीने शंकराला फाशांत हरवल्याची कथा सांगतात. म्हणजे ज्या पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतो, त्याच पाडव्याला फासे टाकायलाही परवानगी! मी हा योगायोग माझ्या भाच्याला सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मामा, योगायोग कसला? ते एकच काम आहे."

हा भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. वय एकोणतीस. ताई कासारसाईला दिलेली. पुण्याहून हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारती मागे टाकून मारुंजी, नेरे असे पुढे गेले की कासारसाई लागते. इकडे ऊस, तिकडे धरणाचे पाणी, आणि हंगामात संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग. रविवारी हिंजवडीची मंडळी मोटारी काढून धरणावर हवा खायला येतात, मक्याची कणसे खातात, पाण्यासमोर उभे राहून स्वतःची छायाचित्रे घेतात आणि संध्याकाळी परत जातात. दाजींची चार एकर जमीन आहे. भाचा संगणकाचा इंजिनीयर झाला, घरापासून अर्ध्या तासावर नोकरी लागली, ताईने गावभर पेढे वाटले. आणि २०२१ साली एके दिवशी त्याने ती नोकरी सोडली व पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ पैसे लावून खेळण्याचा पूर्णवेळ उद्योग आरंभला. ताईने हे मला फोनवर सांगितले तेव्हा ती रडत नव्हती. कोणी गेल्याची बातमी सांगतात तशा कोरड्या आवाजात बोलत होती.

चार वर्षे आम्ही नातेवाइकांनी हा विषय टाळला. मग मुलाच्या लग्नाचे दिवस आले आणि परिचयपत्र करायची वेळ आली. नाव, गोत्र, उंची, शिक्षण इथवर सगळे सुरळीत. पुढचा रकाना: व्यवसाय. ताई म्हणाली, "तू मराठीचा प्राध्यापक ना? मग एक शब्द काढून दे."

शब्दांना काय तोटा! वेदांत जुगाऱ्याला 'कितव' म्हटले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका कितवाचे रडगाणेच आहे आणि अखेरीस त्याला फासे सोडून शेती कर असा उपदेश केला आहे. हा उपदेश दाजींना सांगितला असता तर त्यांनी तो सूक्तकार हुडकून काढून घरी जेवायला बोलावला असता. संस्कृत नाटकांत 'द्यूतकर' आहे. मराठीत 'जुगारी' आहे, 'पत्तेबाज' आहे. पण यांतला कोणताही शब्द परिचयपत्रात घालून पाहा! भारदस्त दाखला हवा तर धर्मराजाचाच आहे. द्यूतात राज्य घालवून बसलेल्या या गृहस्थाने अज्ञातवासात विराटाच्या दरबारी कंक नावाने नोकरी धरली ती कसली? राजाबरोबर फासे खेळण्याची. पगारी द्यूतपटू! तरी पांडवांच्या कुळाला कोणी नावे ठेवली नाहीत. पण वधूपिते महाभारत वाचून स्थळ पाहायला येत नाहीत. ताईच्या मनात 'संगणक क्षेत्रात' असे लिहायचे होते. ते अगदीच खोटे नव्हते. मुलगा संगणकासमोरच बसत असे. मी नको म्हटले. वस्तू पाहिल्याशिवाय तिला नाव देऊ नये, असे विद्यार्थ्यांना सांगतो. म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात दोन दिवस कासारसाईला जाऊन राहिलो.

खेळ सांगायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. ती ज्याची त्याने पाहायची. मग मध्ये पाच पाने उघडी मांडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. ती सर्वांची सामाईक. हातातली दोन आणि ही पाच, अशा सातांतून ज्याची पाच पाने सरस तो जिंकला. दर टप्प्याला पैसे लावायचे, वाढवायचे, नाहीतर पाने टाकून डावातून उठायचे. समोरच्याला थाप मारून उठवता आले तर हलक्या पानांवरही डाव मारता येतो. सिनेमात आपण पाहतो तो पोकर म्हणजे ही थाप: अंधार, चिरुटाचा धूर, घामेजलेले कपाळ आणि टेबलावर नोटांचा ढीग.

भाच्याच्या खोलीत यातले काहीच नव्हते. माडीवरची दहा बाय बाराची खोली, दोन पडदे, पाण्याचा तांब्या, एक वही आणि पाठीला टेकायला उशी. दहाला तो बसला. चार टेबलांवर एकदम खेळत होता. तासाला अडीचशेच्या आसपास डाव. पहिल्या तासात त्याने काय केले? पाने टाकली. पाने आली, टाकली, आली, टाकली. पाच डावांतून एखादा खेळायचा, बाकीचे सोडून द्यायचे. "मामा, टाकणे हेच काम," तो म्हणाला, "हौशी माणसाला टाकवत नाही. तो खेळायला आलेला असतो." अकरा वाजता मला जांभया येऊ लागल्या. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायला बसले की असेच होते: चारशे गठ्ठ्यांत, एकसारखी, एकाग्र राहून पाहायची, आणि एकाही पेपराला डोळा लागता कामा नये.

बावन्न पानांतून दोन-दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. एक्क्यांची जोडी सरासरीने २२१ डावांत एकदा हाती येते. ती साडेबाराच्या सुमारास आली. समोरच्याकडे राजांची जोडी निघाली. दोघांनीही होते नव्हते ते सगळे मध्ये सारले. पाने उघडत गेली आणि शेवटचे पान आले चौकटचा राजा. एका क्षणात एकतीस हजार रुपये गेले. मी मोठ्याने "अरेरे!" म्हणालो. भाचा उठला, पाणी प्यायला आणि वहीत वेळ, रक्कम लिहून पुढे एक शब्द लिहिला: 'बरोबर'.

"बरोबर काय? हरलास ना!"

"या दोन जोड्या शंभर वेळा भिडल्या तर ब्याऐंशी वेळा माझी जिंकते. आज उरलेल्या अठरांतली एक आली. पैसे लावले ते बरोबरच होते."

मी ती वही मागून घेतली. मागच्या एका पानावर अकरा हजार जिंकल्याची नोंद होती आणि तिच्यापुढे लिहिले होते 'चूक'. जिंकलेल्या डावापुढे चूक लिहिणारा जुगारी मी कधी ऐकला नव्हता. खरे सांगायचे तर असा प्राध्यापकही पाहिलेला नाही.

वहीत सारा संसार होता. अठ्ठेचाळीस महिन्यांपैकी सतरा तोट्याचे. एका टेबलावर जेवढे घेऊन बसायचे त्याच्या पन्नासपट रक्कम गाठीशी असल्याशिवाय त्या टेबलावर बसायचे नाही, हा नियम पहिल्याच पानावर. घरखर्चाचे खाते वेगळे. तिथून एक पैसा खेळात यायचा नाही. उसने घ्यायचे नाही, द्यायचे नाही. रागाच्या भरात खेळू लागलो असे वाटले की उठायचे. त्या वेळीही नोंद. अड्ड्यावर जुगाराचा मालक दर डावातून जी 'नाल' काढतो, ती इथे संगणक काढत असे, आणि महिन्याकाठी तिचा आकडा पाहून डोळे फिरावेत. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के आयकर जागच्या जागी कापला जाऊ लागला, आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून खेळण्यासाठी भरलेल्या पैशांवर अठ्ठावीस टक्के जीएसटी. एवढे सगळे भागवून उरेल ती कमाई. ती त्याच्या जुन्या पगाराहून थोडी जास्त होती, थोडीच. त्यापायी दिवसा झोप, रात्री जागरण, कंबरदुखी, आणि चार वर्षांत एकाही लक्ष्मीपूजनाला पूजेनंतर घरच्यांत बसणे नाही. कारण त्या रात्री हौशी लोक झुंडीने खेळायला येतात. ती त्याची सुगी.

भिंतीवर गुराख्याची टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याचे चित्र होते. मला वाटले इंग्रजी चित्रपटातला नट असेल. तो डॉयल ब्रन्सन. १९३३ साली टेक्सासमधल्या एका खेड्यात जन्मला. बास्केटबॉलचा उत्तम खेळाडू; पाय मोडला आणि ते स्वप्न संपले. मग शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. शाळेचा मुख्याध्यापक व्हायचे त्याच्या मनात होते. पण शिक्षकाचा पगार पाहून तो हिशेबाची यंत्रे विकणाऱ्या कंपनीत फिरता विक्रेता झाला, आणि पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाकडे पत्त्यांचा डाव पडला त्यात महिन्याच्या पगाराहून जास्त जिंकला. यंत्रे तिथेच राहिली. पुढे १९७६ आणि १९७७ साली लागोपाठ त्याने लास व्हेगासची जागतिक स्पर्धा जिंकली आणि मग आपल्या सगळ्या युक्त्या एका जाडजूड ग्रंथात लिहून टाकल्या. २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, तो गेला. शिक्षकाच्या पगाराला कंटाळून माणूस कुठवर जातो याचे हे उदाहरण मी महाविद्यालयात सांगितलेले नाही.

या धंद्याचे दुसरे टोकही भाच्याला ठाऊक होते, पण त्याचे चित्र भिंतीवर नव्हते. स्टू उंगर हा न्यूयॉर्कचा मुलगा १९८० आणि १९८१ साली तीच स्पर्धा जिंकला, आणि सोळा वर्षांनी, १९९७ साली, तिसऱ्यांदा जिंकला. त्याच्याइतकी बुद्धी या खेळात कोणाला नव्हती असे जाणकार म्हणतात. पत्त्यांत मिळवलेले तो घोड्यांवर आणि मादक पदार्थांत घालवी. १९९८ च्या नोव्हेंबरात लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलात तो मरून पडलेला सापडला, वय पंचेचाळीस. अंत्यविधीसाठी मित्रांनी वर्गणी काढली. आणि या दोघांच्या मध्ये उभा आहे तो टेनेसीचा ख्रिस मनीमेकर. हे त्याचे खरे आडनाव. आपल्याकडे धनवटे, लाखे असतात तसेच. साधा हिशेबनीस. संगणकावरच्या एका छोट्या स्पर्धेत ८६ डॉलर भरून तो २००३ साली जागतिक स्पर्धेत शिरला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन बाहेर पडला. त्यानंतर जगभरच्या हिशेबनिसांना आणि इंजिनीयरांना झोप लागेनाशी झाली. ही लाट आपल्याकडेही आली. २०१७ साली निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी जोडीने खेळून भारताला त्या स्पर्धामालिकेतले पहिले सुवर्णकंकण मिळवून दिले. पुढच्याच वर्षी निकिता लुथर हे कंकण मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली.

हे सगळे ऐकून कौशल्य आहे हे मला मान्य करावेच लागले. महाभारतात नलाला अक्षहृदय शिकवणारा ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे उभ्या उभ्या मोजून दाखवतो. फाशांची विद्या ही मुळात मोजण्याची विद्या आहे हे त्या कथाकाराला पक्के माहीत होते. पण माझ्या मनातला खडा निराळाच होता, आणि त्याच रात्री तो टोचला.

दोनच्या सुमारास एका टेबलावर एक नवे टोपणनाव उमटले. भाचा सावरून बसला. "हा आला की बरे असते," तो म्हणाला. मी विचारले कोण. "ओळख नाही. पण रोज अकरानंतर येतो, म्हणजे घरची झोपल्यावर. एक तारखेनंतर जोरात खेळतो. दहा-बारा तारखेपर्यंत पैसे वाढवून-वाढवून लावतो, मग लहान टेबलावर जातो. पंचवीसनंतर येत नाही." मी काही बोललो नाही. एक ते पंचवीस. हे वेळापत्रक माझ्या फार ओळखीचे आहे. दरमहा पगार घेणाऱ्या कोणाच्याही ओळखीचे असेल. तो गृहस्थ पाऊण तास होता. तेवढ्यात भाच्याने मघाचे निम्मे भरून काढले.

"याच्या घरी कोण असेल रे?" मी विचारले.

"मामा, तसा विचार केला तर खेळता येत नाही."

हे तो निर्दयपणे बोलला नाही. एखादा डॉक्टर सांगेल तसे, कामाचा नियम म्हणून बोलला. पण डॉक्टरसमोरचा माणूस बरा व्हावा असे डॉक्टरला वाटते. इथे समोरचा जितका दुबळा तितकी आपली भाकरी मोठी. कुशल खेळाडू कुशल खेळाडूंतच बसला तर नाल देता देता दोघेही उपाशी मरतील. त्याला जगायला हौशी माणूस लागतोच. क्रिकेटपटूला समोरचा संघ तगडा असला तर लोक तिकीट काढतात. गवयाला तर प्रतिस्पर्धीच लागत नाही. या खेळाडूला मात्र एक ते पंचवीसवाला लागतो.

सकाळी चहाला दाजी होते. ते या विषयावर कधी बोलत नाहीत असे ताईने सांगून ठेवले होते. भाच्याने मला पटवण्यासाठी पुन्हा तोच मुद्दा काढला: "आबा तरी काय करतात? लागवड करताना पाऊस ठाऊक नसतो, भाव ठाऊक नसतो. तो जुगार चालतो, माझा नाही." हा युक्तिवाद मी वर्तमानपत्रांतही वाचला आहे आणि भल्याभल्यांना तो पटतो. दाजींनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी पावसाला हरवाया जात न्हाई रानात. तुझ्याम्होरं मानूस बसतो." आणि टोपी उचलून उसाला पाणी द्यायला निघून गेले. भाच्याकडे सगळ्यांचे उत्तर होते. याचे नव्हते.

पुण्यात परतल्यावर कायदा काय म्हणतो ते पाहावे म्हणून मी थोडे वाचन केले. परिचयपत्रातला शब्द तिथे सापडेल अशी वेडी आशा होती. १८८७ च्या मुंबई जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सोडून दिले होते. मग वाद एवढाच उरला, की कौशल्य कुठे संपते आणि नशीब कुठे सुरू होते. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण तर साप्ताहिकाच्या वाचकांनी वाचावेच असे आहे. ते होते चमारबागवाला यांच्या बक्षिसाच्या शब्दकोड्यांचे! न्यायालयाने सांगितले की जुगार हा व्यापार किंवा धंदाच नव्हे, त्यामुळे धंद्याच्या मूलभूत हक्काचे संरक्षण त्याला मिळणार नाही. दहा वर्षांनी, १९६७ साली, सिकंदराबादच्या एका क्लबाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवले, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. तीन पत्तीला मात्र ती सवलत दिली नाही. पोकर या दोहोंच्या मध्ये लोंबकळत राहिला. कर्नाटकच्या उच्च न्यायालयाने २०१३ साली त्याला कौशल्याच्या बाजूला ठेवले, गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली नशिबाच्या. आपल्या महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ साली रद्द करून टाकला. गोव्याने मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी केली, आणि २०२० साली गोव्याच्याच रहिवाशांना त्यांत खेळायला बंदी केली. पाहुण्याने हरावे, घरच्याने हरू नये! या एका नियमात मला सगळ्या न्यायनिवाड्यांपेक्षा जास्त खरेपणा दिसला. सरकारे कर मोजून घेत होती आणि धंदा म्हणत नव्हती. मग मी बापडा रकान्यात काय लिहिणार?

तो प्रश्न संसदेने सोडवला. २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत ऑनलाइन खेळांचे विधेयक मंजूर झाले. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे संगणकावरचे सगळे खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्या आठवड्यात भाच्याच्या चारही टेबलांचे दिवे विझले. शिल्लक पैसे बँकेत परत आले. चार वर्षांची विद्या एका रात्रीत निरुपयोगी झाली.

ताईने देवापुढे साखर ठेवली. मला मात्र तसे हलके वाटले नाही. एकोणतीस वर्षांच्या मुलाने चार वर्षे मन लावून केलेले काम, मग ते मला आवडो वा न आवडो, असे संपताना पाहणे सुखाचे नव्हते. तो दोन-तीन दिवस माडीवरून उतरला नाही. मग खाली आला तेव्हा पहिली गोष्ट मला फोनवर म्हणाला ती ही: "मामा, तो पंचवीस तारखेवाला आता कुठे खेळत असेल? परदेशातल्या चोरट्या संकेतस्थळांवर गेला असेल तर तिथे त्याला पैसे परत मिळायचीही खात्री नाही." तसा विचार केला तर खेळता येत नाही, असे म्हणणारा हाच मुलगा.

पुढे एकदा तो गोव्याला जाऊन आला. जहाजावर खेळ चालूच होता. पण तिथे एकाच टेबलावर बसायचे, तासाला जेमतेम पंचवीस-तीस डाव, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च वेगळा, हिशेब जमेना. शिवाय आणखी काही असावे. "तिथे समोरच्याचा हात थरथरताना दिसतो," एवढेच म्हणाला. पुन्हा गेला नाही. नोकरीसाठी अर्ज करू लागला. मुलाखतीत मधल्या चार वर्षांत काय केले असे विचारत, आणि तो खरे सांगत असे. एका ठिकाणी त्यावर हसले. दुसऱ्या ठिकाणी तासभर तेच विचारत बसले आणि कळवतो म्हणाले.

परिचयपत्र मीच लिहिले. शब्द सापडला नाही, म्हणून वाक्य लिहिले: २०२१ ते २०२५ या काळात पोकर हा पत्त्यांचा खेळ पैशाने खेळून उपजीविका केली, तो आता बंद, नोकरीच्या शोधात, घरची शेती चार एकर, कर्ज नाही. ताई वाचून म्हणाली, "अरे, ही काय पोलिसांत द्यायची जबानी आहे?" पण बदलले नाही. तीन ठिकाणांहून पत्र न उघडल्यासारखा नकार आला. चौथे स्थळ तळेगावचे. मुलगी पतसंस्थेत काम करते. नवरात्रात मंडळी कासारसाईला आली.

चहा-पोहे झाले, धरणाच्या पाण्याची चौकशी झाली. मुलीच्या वडिलांनी मला पडवीत बाजूला घेतले. "सर, कर्ज नाही हे नक्की?" मी नक्की म्हटले. "व्याजाने कोणाचे उचललेले?" तेही नाही. त्यांनी मान हलवली. पोकर म्हणजे काय हे त्यांनी विचारलेच नाही.

आत मुलगी मात्र थेट बोलत होती. "हरलेल्या दिवशी घरी सांगत होतात?"

"नाही."

"आणि जिंकलेल्या?"

"तेही नाही."

"मग कोणाला सांगत होतात?"

भाचा वर गेला आणि वह्या घेऊन आला. पाच होत्या. तिने पहिली उघडली. पतसंस्थेत बोटाला सवय असावी. ती बेरजांवरून बोट खाली खाली नेत राहिली. दाजींना मोटारीची वीज आल्याचे कळले म्हणून ते निरोप घेऊन रानात गेले. चहाचे कप उचलले गेले. मुलगी तिसऱ्या वहीवर होती तेव्हा तिने वर पाहून विचारले, "जिंकलेल्या रकमेपुढे 'चूक' का लिहिले आहे?" भाच्याने खुर्ची पुढे ओढली आणि तो सांगू लागला. ताईने मला डोळ्यांनी खुणावले, तसे आम्ही दोघे स्वयंपाकघरात गेलो.

मंडळींनी तुळशीच्या लग्नानंतर कळवतो म्हणून सांगितले आहे.